सतरावा आकडा : कर्नल लिहायला भाषा कुठली?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात मी काही वर्षांपूर्वी भट्टीचं तापमान नोंदवणारा छोटा कंट्रोलर बसवला होता. दुसऱ्याच दिवशी फोन आला. "साहेब, तुमचा भोंगा दर अठरा मिनिटांनी बोंबलतोय. भट्टी अजून साडेसहाशेला पण नाही." भोंग्याची मर्यादा होती 850. जाऊन बघितलं तर खरंच तसं होत होतं. रीसेट केलं की सतरा मिनिटं शांत, अठराव्याला भोंगा. कामगारांनी त्यावर चहाची वेळ लावून घेतली होती.

चूक माझीच होती, आणि ती सापडायला दोन दिवस गेले. दर मिनिटाचं तापमान साठवायला मी मेमरीत ओळीनं 16 खण ठेवले होते. मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटचा खण 15 नंबरचा. अट लिहिताना '16 पेक्षा कमी' असं हवं होतं, मी लिहिलं '16 पेक्षा कमी किंवा 16'. त्यामुळं सतरावं तापमान सतराव्या खणात गेलं. आता सतरावा खण मी केलेलाच नव्हता. त्या जागेवर मेमरीत बसली होती भोंग्याची मर्यादा. 850 पुसलं गेलं आणि तिथं 612 येऊन बसलं. पुढच्या मिनिटाला भट्टी 615 वर गेली, कंट्रोलरच्या हिशेबानं मर्यादा ओलांडली गेली, भोंगा वाजला.

प्रोग्रॅम सी भाषेत होता. सीनं मला अडवलं नाही, बोर्डानं अडवलं नाही. अडवणारं तिथं कोणी नव्हतंच.

हे आठवायचं कारण माझा भाचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटरला. परवा घरी आला आणि चप्पल काढता काढताच म्हणाला, "मामा, स्वतःचा कर्नल लिहायचा म्हणतोय. कुठल्या भाषेत लिहू?" आतनं ताईचा आवाज आला, "कर्नल? सैन्यात निघालास काय रं?" त्यानं दहा व्हिडिओ बघितले होते. काही म्हणत होते सी, काही रस्ट, आणि एक पठ्ठ्या पायथन म्हणत होता. मी त्याला आधी भट्टीची गोष्ट सांगितली, कारण त्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या सतराव्या खणात आहे.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळ्यात आतला भाग. मोबाइलवर एखादं ॲप लटकलं तरी बाकीचा फोन चालू राहतो, कारण खाली कर्नल बसलेला असतो. त्यानं प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीत आपापली खोली आखून दिलेली असते. कोणी शेजारच्या खोलीत हात घातला की प्रोसेसर कर्नलला हाक मारतो आणि कर्नल त्या प्रोग्रॅमला बाहेर काढतो. इंटेलच्या भाषेत साधे प्रोग्रॅम चालतात रिंग 3 मध्ये, कर्नल चालतो रिंग 0 मध्ये. आणि रिंग 0 मधल्यानंच चूक केली तर? त्याच्या खाली कोणी नाही. माझ्या भट्टीच्या बोर्डावर ना कर्नल होता ना भिंती, सगळा संसार एकाच खोलीत. लिनक्स किंवा विंडोजच्या कर्नलच्या आतही बहुतेक तसंच असतं.

19 जुलै 2024 ला जगभर जवळपास 85 लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवून बसली. आपल्याकडं विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. कारण होतं क्राउडस्ट्राइक कंपनीचं सुरक्षा सॉफ्टवेअर, जे कर्नलच्या आत चालत होतं. नव्या नियमांची जी फाइल आली तिला 21 रकाने हवे होते, कोडकडं होते 20. एकविसावा वाचायला गेला आणि भलत्याच जागी पाय पडला. माझा सतरावा, त्यांचा एकविसावा. फरक एवढाच की माझ्या चुकीनं चार माणसं चहाला गेली.

खाली काय लागतं?

"पण मामा, पायथनमध्ये का जमत न्हाई? सगळं येतंय की त्यात."

येतं, पण त्याला खाली काय लागतं ते बघ. शेतात रस्सा मंडळ करायचं ठरलं आणि आचारी असा आणला की ज्याला गॅसची शेगडी, मिक्सर आणि फ्रिज लागतो, तर तो कितीही हुशार असला तरी माळावर काय करणार? तिथं तीन दगड मांडून जाळ करणारा माणूस लागतो. पायथनला चालवायला इंटरप्रिटर लागतो, म्हणजे तिचा कोड वाचून चालवणारा दुसरा प्रोग्रॅम. इंटरप्रिटरला मेमरी मागून घ्यावी लागते, फाइल उघडाव्या लागतात. मेमरी देणारा आणि फाइल उघडणारा कोण? कर्नल. आणि तोच तर आपण लिहायला बसलोय.

सीला मात्र फारसं काही लागत नाही. स्टॅक, म्हणजे फंक्शनांची तात्पुरती टिपणं ठेवायची मेमरी, कुठं आहे ते सांगायचं, काही जागा शून्यानं भरून द्यायची, एवढं काम असेंब्लीच्या, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या बोलीतल्या, थोड्या ओळींत उरकतं आणि तिथनं पुढं सी चालू. सीच्या अधिकृत प्रमाणातच दोन परिस्थिती वेगळ्या मानल्या आहेत, खाली ऑपरेटिंग सिस्टीम असलेली 'होस्टेड' आणि नसलेली 'फ्रीस्टँडिंग'. रस्टमध्येही तसंच. तिची मोठी लायब्ररी बाजूला ठेवून नुसत्या 'कोअर'वर काम करता येतं. म्हणून भाषा निवडताना ती आपल्याला काय काय देते याची यादी मी शेवटी बघतो. आधी बघतो ती आपल्याकडं काय मागते. या एका चाळणीतच बहुतेक भाषा खाली पडतात.

हे नुसतं बोलून कळत नाही म्हणून मी त्याला करायला लावलं. क्यूएमू नावाचा एमुलेटर आहे, कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर. त्यात जुन्या पद्धतीचा अक्षरी पडदा असतो, 80 रकाने आणि 25 ओळी. हा पडदा मेमरीतल्या 753664 क्रमांकाच्या जागेपासून सुरू होतो. तिथं 75 हा आकडा ठेवला की डाव्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजी 'के' उमटतो. शेजारच्या 753665 वर रंगाचा आकडा ठेवायचा, 4 म्हणजे लाल. छापायला कुठलंही फंक्शन नाही, पडदा हाताळणारा ड्रायव्हर नाही. जागेचा नंबर आणि त्यावर ठेवायचा आकडा, बस्स. काळ्या पडद्यावर लाल के बघून पोरगं असं हसलं की ताई आतनं बघायला आली.

सीमध्ये 'या नंबरच्या जागेवर हा आकडा ठेव' हे सरळ एका ओळीत म्हणता येतं. पायथनच्या साध्या बोलीत असं वाक्यच नाही. रस्टमध्ये म्हणता येतं, पण त्याभोवती 'अनसेफ' असं लिहून सही करावी लागते. त्या सहीकडं पुन्हा येतो.

मधल्या भाषा म्हणजे जावा, गो, सी शार्प. यांचा प्रश्न निराळा. वापरून टाकलेली मेमरी गोळा करायला या भाषांनी स्वतःचा झाडूवाला नेमलेला असतो, त्याला गार्बेज कलेक्टर म्हणतात. तो झाडायला आला की काम थोडं थांबतं. वेब ॲपमध्ये हे कळतही नाही. कर्नलला मात्र नेटवर्क कार्ड, डिस्क, टायमर यांच्या हाका सतत येत असतात आणि त्यांना 'थांबा, झाडू चाललाय' म्हणायची सोय नसते. तरी हे अजिबात जमत नाही असं नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागानं सी शार्पवर आधारलेल्या भाषेत सिंग्युलॅरिटी नावाची सिस्टीम केली होती. एमआयटीतल्या मंडळींनी बिस्किट नावाचा कर्नल गोमध्ये लिहिला आणि 2018 मध्ये मोजमापं मांडली. सारखीच कामं सी आणि गोमध्ये करून बघितली तर गो 5 ते 15 टक्के मंद पडली. त्यांच्या चाचणीत वेब सर्व्हरला झाडूमुळं झालेला सगळ्यात लांब खोळंबा 115 मायक्रोसेकंदांचा होता. मला तर हे आकडे वाटलं होतं त्यापेक्षा बरेच चांगले वाटले. पण जगाचे सर्व्हर ज्यावर चालतात तिथं 5 टक्के सोडायलाही कोणी तयार नसतं.

सी आली कुठनं?

सीला कोणी सिंहासनावर बसवलेलं नाही. 1969 मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसननं युनिक्स लिहिलं ते पीडीपी-7 या मशीनच्या असेंब्लीत. असेंब्ली म्हणजे त्या एका प्रोसेसरची बोली, मशीन बदललं की सगळं पुन्हा लिहा. डेनिस रिचीनं सी घडवली आणि 1973 मध्ये युनिक्सचा कर्नल सीमध्ये उतरवला गेला. पुढं 1970 च्या दशकाच्या शेवटी तोच युनिक्स इंटरडेटा या वेगळ्या घराण्यातल्या मशीनवर नेता आला, तेव्हा या निवडीचं चीज झालं. वरच्या भाषेत ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणारे हे पहिले मात्र नव्हेत. बरोज कंपनीनं त्याआधीच, 1960 च्या दशकात, अल्गोलच्या एका रूपात आपली सिस्टीम लिहिली होती. सी टिकली कारण ती लहान होती, मशीनच्या जवळ होती आणि युनिक्सबरोबर पसरली. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स सुरू केलं तेव्हा सी सोडून दुसरं काही निवडणं हेच विचित्र ठरलं असतं.

असेंब्ली अजूनही सुटलेली नाही. मशीन सुरू होतानाचे पहिले क्षण, एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारताना रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले खण, बदलणं, हे कुठल्याही भाषेच्या कर्नलमध्ये असेंब्लीतच होतं.

विश्वास ठेवणारी भाषा

सीचा स्वभाव जुन्या फिटरसारखा आहे. तुम्ही सांगाल ते करायचं, उलट विचारायचं नाही. कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, फार तर इशारा देतो. आता इशाऱ्याचं काय होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 वर धोका पातळी. 39 ला आपण पूर बघायला जातो.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे काही वेळा सीचा कंपायलर तुमच्या विश्वासाचा हिशेब मांडतो. 2009 मध्ये लिनक्सच्या 'टन' या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये असं झालं. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा नंबर धरून ठेवणारा खण. कोडमध्ये आधी एका पॉइंटरमधून वस्तू काढली होती आणि पुढं जाऊन तो पॉइंटर रिकामा आहे का ते तपासलं होतं. क्रम उलटा झाला होता. कंपायलरनं विचार केला, हा पॉइंटर आधीच वापरलाय, रिकाम्या पॉइंटरचा वापर सीमध्ये नियमबाह्य आहे, म्हणजे तो रिकामा असणारच नाही, मग तपासणी कशाला? त्यानं तपासणीच काढून टाकली. कागदावर कुलूप होतं, तयार मालात नव्हतं, आणि त्या वाटेनं साध्या वापरकर्त्याला मशीनचा मालक होता येत होतं. तेव्हापासून लिनक्स बांधताना कंपायलरला वेगळं सांगितलं जातं की अशा तपासण्या उडवायच्या नाहीत.

ही एखाददुसरी गोष्ट असती तर माणसाचा गलथानपणा म्हणून सोडून देता आली असती. पण 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी सांगितलं की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षेच्या भोकांपैकी सुमारे 70 टक्के मेमरीच्या चुकांची असतात. पुढच्या वर्षी क्रोम ब्राउझरच्या गंभीर भोकांबद्दल गूगलचा आकडाही तेवढाच निघाला. तिथं काम करणारी मंडळी काय उद्यमनगरात बसलेली माझ्यासारखी एकांडी नाहीत.

लेथवर जॉब धरून फिरवणाऱ्या चकची चावी असते. जॉब आवळून झाला की चावी काढायची, मगच मशीन सुरू करायचं. चावी चकातच राहिली तर मशीन फिरताच ती गोळीसारखी सुटते. प्रत्येक शॉपमध्ये भिंतीवर पाटी असते आणि प्रत्येक शॉपमध्ये कोणीतरी तो प्रसंग बघितलेला असतो. मग स्प्रिंगवाली चावी निघाली. हात सोडला की ती आपोआप चकातनं बाहेर येते, विसरायची सोयच ठेवलेली नाही. सी म्हणजे पाटी, रस्ट म्हणजे स्प्रिंग.

रस्टचा नियम

रस्टची सुरुवात 2006 मध्ये ग्रेडन होर यानं केली, मोझिलानं ती वाढवली, 1.0 आवृत्ती 2015 मध्ये आली. तिचा गाभा समजायला शॉपमधलं ड्रॉइंग घ्या. एका जॉबचं ड्रॉइंग दहा जणांनी एकाच वेळी बघितलं तर काही बिघडत नाही. पण डिझायनर त्यात माप बदलत असताना लेथवाला जुनं माप वाचत राहिला तर अख्खा लॉट रिजेक्ट. चांगल्या शॉपचा नियम असा, की बदल करायचा तर सगळ्यांच्या हातातली ड्रॉइंग आधी परत घ्या. एक तर सगळे वाचणार, नाहीतर एकटा लिहिणार.

रस्टचा कंपायलर हाच नियम मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला लावतो. प्रत्येक तुकड्याला एकच मालक. मालक गेला की तुकडा परत, त्यासाठी झाडूवाला नको. उसना द्यायचा तर वाचायला कितीही जणांना, बदलायला एकालाच, आणि मालक जायच्या आत उसनवारी संपली पाहिजे. हे सगळं प्रोग्रॅम चालायच्या आधी, कंपाइल होतानाच तपासलं जातं. नियम मोडला की इशारा नाही, प्रोग्रॅम तयारच होत नाही. दोन प्रोसेसर एकाच आकड्यावर एकदम हात घालतात तो घोळही बराचसा इथंच पकडला जातो, आणि कर्नलमध्ये तो सगळ्यात छळणारा घोळ.

सतराव्या खणाचं काय झालं असतं? खणाचा नंबर चालू प्रोग्रॅममध्ये ठरत असेल तर तो कंपाइल होताना कळत नाही. रस्ट तिथं चालताना तपासते आणि चुकलं तर 'पॅनिक' म्हणून जागीच थांबते. इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण व्हिडिओवाले ती सांगत नाहीत. कर्नलमधलं पॅनिक म्हणजे बहुधा मशीनच बंद. म्हणजे क्राउडस्ट्राइकचा कोड रस्टमध्ये असता आणि लिहिणाऱ्यानं 'खण नसेल तर काय करायचं' हे लिहिलं नसतं, तरी मशीन पडलीच असती. पण माझा कंट्रोलर सतराव्या मिनिटाला कुठल्या ओळीवर अडलो ते सांगून थांबला असता. मर्यादा पुसून, खोटा भोंगा वाजवत दोन दिवस मला फिरवलं नसतं.

आता ती सही. पडद्याच्या मेमरीत थेट लिहिणं, प्रोसेसरची रजिस्टर हाताळणं, हे रस्टच्या कंपायलरला तपासता येत नाही. असा कोड 'अनसेफ' चौकटीत लिहायचा. काही जण म्हणतात, मग सीत आणि यात फरक काय? फरक असा की बिघाड झाला की अख्खा कारखाना झाडायचा, की ज्या चार कपाटांवर धोक्याची खूण आहे तेवढीच आधी उघडायची.

रस्ट सोपी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. कर्नलमध्ये पावलोपावली लागणारी दुहेरी साखळी, जिथं प्रत्येक कडी पुढच्या-मागच्या दोघींना धरून असते, ती एकच मालक मानणाऱ्या भाषेत लिहिताना घाम फुटतो. लिनक्समध्ये तीन कोटींहून जास्त ओळी आहेत, त्यातल्या बहुतेक सीच्या, आणि त्या कोणी बदलून देणार नाही. रस्टचा पाया लिनक्स 6.1 मध्ये, डिसेंबर 2022 ला आला. सीचा आणि रस्टचा कोड एकमेकांना भेटतो त्या सीमेवर कोणी काय सांभाळायचं यावरून पुढं जाहीर भांडणंही झाली. तरी डिसेंबर 2025 मध्ये मेंटेनरांच्या, म्हणजे लिनक्सचे भाग सांभाळणाऱ्यांच्या, बैठकीत रस्टवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढायचं ठरलं. अँड्रॉइडचा अनुभव मला जास्त बोलका वाटतो. त्यांनी जुना कोड उकरला नाही, नवा कोड सुरक्षित भाषांत लिहीत गेले. मेमरीच्या चुकांमुळं पडणाऱ्या भोकांचं प्रमाण 2019 मध्ये 76 टक्के होतं, 2024 मध्ये 24 वर आलं.

सीमध्ये निर्दोष कर्नल लिहिताच येत नाही का? येतो. एसईएल-फोर नावाच्या छोट्या कर्नलचं गणिती सिद्धतेसह काम 2009 मध्ये पूर्ण झालं. सीच्या सुमारे 8,700 ओळी, आणि त्या बरोबर आहेत हे सिद्ध करायला सुमारे 2 लाख ओळी.

सी प्लस प्लसचं थोडक्यात सांगतो. ॲपलच्या मॅकचे ड्रायव्हर तिच्या कापूनछाटून घेतलेल्या रूपात लिहिले गेले, गूगलच्या फुशियाचा झिरकॉन कर्नलही तिच्यात आहे. लिनक्सनं 1992 मध्ये एकदा करून बघितली आणि सोडली. टोरवाल्ड्सचं त्याबद्दलचं मत घरात मोठ्यानं वाचण्यासारखं नाही. झिग नवी आहे, हाताला हलकी आहे, पण 1.0 अजून आलेली नाही.

भाच्याला मी सांगितलं ते असं. आधीच उभ्या असलेल्या कर्नलमध्ये काम करायचं असेल तर भाषा तू निवडत नाहीस, कर्नलनं ती निवडलेली असते, म्हणून सी टळत नाही. एमआयटीचा एक्सव्ही6 घे, शिकवायलाच केलेला आहे, काही हजार ओळींत संपतो. सहा महिने तो वाच, मोड, पुन्हा जोड. नंतर स्वतःचं नवीन काही उभारशील ते रस्टमध्ये उभार. आधीच रस्ट घेतलीस तर कंपायलर का अडवतोय ते कळणार नाही, नुसता राग येईल. हे माझं मत. दुसरा कोणी उलटं सांगेल.

रात्री त्याचा फोन आला. सीमध्ये लूप लिहून अख्खा पडदा लाल 'के'नं भरला होता, स्क्रीनशॉट पण पाठवला. कोड मागवून बघितला. 80 गुणिले 25 म्हणजे 2000 अक्षरं आणि प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे पडदा 4000 बाइटचा. याचा लूप 4000 अक्षरांचा होता. निम्मे 'के' पडद्याच्या पलीकडच्या मेमरीत जाऊन पडले होते. ती जागा नशिबानं मोकळी होती, म्हणून दिसायला सगळं बरोबर.

मी म्हटलं, "अरे, तू पडदा ओलांडून दुप्पट लिहिलंयस."

"पण मामा, चालतंय की!"